आडवी दोरी

“रिपीट करू नका. सीट घ्या,” असं मी फोनवर सांगून मोकळी झाले होते.

फोन कंधारहून होता. वाघमारे नावाचे गृहस्थ. त्यांची मुलगी सुमेधा, नुकतीच बारावी झालेली, जेईई ॲडव्हान्स्ड अगदी थोड्या मार्कांनी हुकली होती. नांदेडच्या एका कॉलेजात तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची सीट लागली होती. ती कन्फर्म करायला चार दिवस उरले होते. सीट घ्यावी, की सोडून देऊन मुलीला वर्षभर लातूरला आमच्या क्लासमध्ये बसवावं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. माझ्यासमोर तिचा ऑनलाइन आलेला फॉर्म होता. त्यात मी फक्त गणिताचा आकडा बघितला. निम्म्याहून जास्त प्रश्न कोरे.

“गणितात हात चालत नाही तिचा,” मी म्हणाले. “उगाच पोरीचं वर्ष घालवू नका.”

“बरं मॅडम,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. वाद घातला नाही, रडगाणं नाही. मला बरं वाटलं. त्या दिवशीचा तो माझा सोळावा की सतरावा फोन होता.

मी लातूरला एका क्लासमध्ये बावीस वर्षं गणित शिकवते आहे. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला पेरणीबरोबर रिपीटरचा हंगाम सुरू होतो. रिपीटर म्हणजे परीक्षा हुकली म्हणून वर्षभर कॉलेज न घेता पुन्हा तयारीला बसणारी मुलं. ॲडव्हान्स्डचा नियम कडक आहे. लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच बसता येतं. म्हणजे रिपीटरच्या हातात शेवटची एकच संधी. ती घ्यावी की नाही हे सांगायचं काम क्लासने माझ्याकडे दिलंय, कारण मी तोंडावर नाही म्हणू शकते. बाकीच्या सरांना ते जमत नाही.

खरं तर माझी एक पद्धत आहे. मी मार्कलिस्ट बघत नाही, पॅड बघते. ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटरवर होते, पण कच्चं काम करायला कागदाचं एक पॅड देतात आणि पेपर संपल्यावर ते घरी नेता येतं. बहुतेक मुलं ते रद्दीत टाकतात. माझ्या मते सगळं त्यातच असतं. आम्ही देवणीकडचे. आमचे वडील बैल घ्यायला गेले की मालकाचं बोलणं ऐकून घ्यायचे आणि मग सरळ जनावराचं तोंड उघडून दात बघायचे. मी पॅड उघडते. खाडाखोड कुठे आहे, पोरगं कुठे अडलं, कुठे घाबरलं, सगळं दिसतं. त्यावरून हो किंवा नाही.

आणि त्या दिवशी सतरावा फोन म्हणून मी पॅड न मागताच नाही म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग सुटल्यावर एक मुलगी दारात उभी. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, हातात जमिनीचे कागद ठेवतात तसली प्लास्टिकची फाइल.

“मॅडम, मी सुमेधा वाघमारे. कंधार.”

“पप्पांना सांगितलंय ना मी?”

“हाव. पण तुम्ही माझं पॅड बघितलं न्हाई.”

“मग?”

“तुमच्या व्हिडिओत तुम्हीच म्हणता, पॅड बघितल्याबिगर मी कुणाला सांगत नसते. मला बघितल्याबिगर सांगितलंत.” मग ती म्हणाली, “तुम्ही ताळा केला न्हाई, मॅडम.”

ताळा म्हणजे उत्तर बरोबर आलंय का ते दुसऱ्या रस्त्याने पडताळून बघणं. आमच्या लहानपणी गुरुजी प्रत्येक गणिताखाली ताळा लिहायला लावायचे. हल्ली हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. लोह्याला गाडी बदलून आलेली एक पोरगी मला तो माझ्याच स्टाफरूममध्ये ऐकवत होती. मला राग आला. पण राग येण्याचं कारण तिचं म्हणणं खरं होतं हेच होतं. मी हात पुढे केला आणि म्हणाले, “दे.”

दोन्ही पेपरची पॅडं तिने जपून आणली होती. मी पहिलं उघडलं. अक्षर स्वच्छ, खाडाखोड जवळजवळ नाही. तीन पानांनंतर मी चष्मा पुसला. सहाव्या पानावर मी खुर्ची ओढून नीट बसले.

त्या पानावरचं गणित साध्या शब्दांत सांगते. अंड्यासारखा लांबट गोल असतो, त्याला इलिप्स म्हणतात. त्याच्या कडेवर दोन बिंदू ठरवून दिलेत. ते चौकोनाचे समोरासमोरचे कोपरे. उरलेले दोन कोपरे तुम्ही कडेवरच, एक इकडे आणि एक तिकडे असे निवडायचे, की चौकोन जास्तीत जास्त मोठा होईल. सांगा किती मोठा?

मी हे बावीस वर्षं शिकवते आहे. फळ्याची एक बाजू पूर्ण भरते. कोन धरा, सूत्र मांडा, डेरिव्हेटिव्ह काढा, शून्य धरा, मग तपासा. पोरं मान डोलावतात, मला समाधान वाटतं.

या मुलीने एक इलिप्स काढला होता. दोन ठरलेले बिंदू जोडणारी एक रेघ ओढली होती. मग तीच रेघ, तिरपी न होऊ देता, वर वर सरकवत नेली होती. जिथे ती इलिप्सच्या कडेला नुसती टेकते तिथे थांबवली होती. तशीच खाली नेऊन थांबवली होती. त्या दोन टेकलेल्या रेघांमधलं अंतर काढलं, मधल्या रेघेच्या लांबीने गुणलं, निम्मं केलं. झालं. दोन ओळी. ते दोन कोपरे नेमके कुठे येतात हे तिने शोधलंसुद्धा नव्हतं. गरजच नव्हती!

हे कुठल्याच पुस्तकात नसेल असं मी म्हणणार नाही. पण बावीस वर्षांत मला ते दिसलं नव्हतं. फळा भरून मी जे उकरत होते, ते या पोरीने नुसती रेघ सरकवून दाखवलं होतं. लपवण्यात अर्थ नाही, डोळ्यांत पाणी आलं. गणित शिकवणाऱ्याला असा दिवस फार क्वचित मिळतो.

“हे कुणी शिकवलं?”

“कुणी न्हाई. पप्पा मोजणीत असंच करतात. शेताच्या मधून दोरी टाकायची, दोन्ही बाजूंना काटकोनात अंतर घ्यायचं. दोरी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ठरलेलीच, मग त्या दोरीपासून जास्तीत जास्त लांब काय ते बघायचं.”

“पप्पा काय करतात?”

“भूमी अभिलेखमध्ये हायत. मोजणीला जातात.”

मी पान उलटलं आणि मला कळलं की ती का हुकली होती. पुढच्या दीड पानावर तेच गणित परत होतं. कोन धरून, सूत्र मांडून, डेरिव्हेटिव्ह काढून. माझ्याच रस्त्याने, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. उत्तर अर्थातच तेच.

“हे काय?”

“ताळा.”

मी सगळं पॅड चाळलं. प्रत्येक गणित दोनदा. आधी तिच्या रस्त्याने दोन-चार ओळी आणि मग पुस्तकाच्या रस्त्याने दीड पान. जेवढे प्रश्न सोडवले होते त्यातला एकही चुकला नव्हता. आणि निम्म्याहून जास्त प्रश्नांना तिचा हात लागलाच नव्हता, कारण वेळ ताळ्यात गेला होता.

मी पॅड घेऊन तडक आमच्या डायरेक्टर सरांकडे गेले. ते स्वतः फिजिक्सचे. चहा घेता घेता त्यांनी पानं उलटली आणि कप खाली ठेवला.

“मॅडम, हिला तर घ्यायलाच पाहिजे.”

“थांबा. हिचा एकच चान्स उरलाय. नांदेडची सीट सोडली आणि पुढच्या वर्षी परत हेच झालं तर?”

“हेच कशाला होईल? ताळा बंद करा, विषय संपला. निम्म्या वेळेत एवढं, तर पूर्ण वेळेत किती? हा तर त्रैराशिकाचा हिशोब आहे.”

मलाही तसंच वाटत होतं. पण नुकतेच कान उपटून घेतले होते, म्हणून म्हटलं, उद्या बघून सांगते.

सुमेधाची आत्या लातूरलाच राहते. ती तिच्याकडे थांबली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला रिकाम्या वर्गात बसवलं. ॲडव्हान्स्डच्या दर्जाची अठरा गणितं आणि एक तास.

“एकच अट,” मी म्हणाले. “ताळा करायचा नाही. एकदा सोडवलं की पुढे.”

तिने मान हलवली. तासाभराने अठराच्या अठरा सोडवून कागद दिला. मी तपासायला घेतला. नऊ चुकलेली. ॲडव्हान्स्डमध्ये चुकीला मार्क कापतात, म्हणजे हातात आधीपेक्षाही कमी. पण मार्कांचं राहू द्या, मला धक्का कच्च्या कामाचा बसला. त्यात सरकणारी रेघ नव्हती की दोन ओळींचं उत्तर नव्हतं. सगळं पुस्तकी, घाईचं, आमच्या क्लासमधल्या कुठल्याही पोराचं असावं तसं. अक्षर सोडलं तर त्यात तिचं काहीच नव्हतं.

“अगं, तुझ्या पद्धतीने का नाही केलंस?”

ती बेंचच्या कडेवर नख घासायला लागली. मग म्हणाली, “मॅडम, नंतर ताळा करायचा असतो म्हणून मी आधी कसंबी धाडस करते. चुकलं तर कळंल म्हणून. आज परत बघायचं न्हाई म्हणलं की धाडसच होईना. मग पुस्तकातलंच करत गेले.”

मी तिच्या शेजारच्या बेंचवर बसले. तिच्या त्या दोन ओळी आणि ते दीड पान मी वेगवेगळं समजत होते. एक तिची हुशारी, एक तिची खोड. खोड काढून टाकली की हुशारी उरेल असा माझा आणि डायरेक्टर सरांचा हिशोब. पण ती उंच उडी मारत होती ती खाली चादर धरलेली असायची म्हणून. चादर आम्ही काढून घेतली होती.

म्हणजे ताळा ठेवला तर वेळ पुरत नाही आणि सोडला तर मुलगीच हरवते. मी मनाशी ठरवलं, हिला रिपीटला घ्यायचं नाही. आमच्या घाण्यात वर्षभर फिरवून हिची ती सरकणारी रेघ घालवायचं पाप मला नको होतं. नांदेडला जाऊ दे. निदान शाबूत राहील.

चौथ्या दिवशी वाघमारे स्वतः आले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सीट कन्फर्म करायची होती. उन्हाने रापलेला माणूस, पायांत धुळीचे बूट, बोलणं हळू.

“वाघमारे साहेब,” मी म्हणाले, “फोनवर मी चुकले. तुमच्या मुलीचं गणित कच्चं नाही. माझ्यापेक्षा पक्कं आहे. तरीपण माझा सल्ला तोच. सीट घ्या.”

“मग लेकरू हुकलं कशानं, मॅडम?”

मी पॅड उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांना इलिप्स माहीत असायचं कारण नव्हतं. पण ते नकाशा वाचावा तसं पान थोडं फिरवून बघायला लागले. बोट मधल्या रेघेवरून फिरलं, वरच्या रेघेवर थांबलं.

“ही दोरी टाकली जणू. आन् ही कडंला टेकवली. बरोबर हाय की.”

मला हसू आलं. इंजिनिअर झालेल्या माझ्या विद्यार्थ्यांना ते चित्र समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली असती.

त्यांनी पान उलटलं. “आन् ह्ये काय?”

“ते परत केलंय, पप्पा,” सुमेधा म्हणाली. “ताळा.”

“अख्खं?”

“अख्खं.”

त्यांनी पुढचं पान बघितलं, त्याच्या पुढचं बघितलं. मग पॅड खाली ठेवून ते लेकीकडे बघत राहिले. “ह्ये काय करून राहिलीस बाई तू? समदी शेतं दोनदा मोजली?”

“तुम्हीच मोजता ना.”

“म्या? कवा?”

“मी तिसरीत होते. तुम्ही मला टेप धरायला नेलं होतं. त्या दोन भावांचं शेत. सकाळी मोजलं, जेवण झाल्यावर परत मोजलं. सगळं. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, एकदा मोजलं तो अंदाज असतोय, दोनदा मोजलं तर मोजणी.”

वाघमाऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आणि मग ते असे हसले की शेजारच्या वर्गातून पोरं डोकावली.

“अगं येडे, ते भांडणातलं होतं! दोघं भाऊ कुऱ्हाडी घिऊन बांधावर हुबे होते. वीतभर जरी इकडं-तिकडं झालं असतं तर मुडदा पडला असता तिथं. म्हणून समदं परत मोजलं. रोज कोण असं मोजतंय? जन्मात दोन शेतं व्हायची न्हाईत माझ्यानं.”

“मग रोज काय करता?” हे मी विचारलं.

“आडवी दोरी टाकतो, मॅडम. टेपच असतो, आम्ही आपलं दोरी म्हणतो. आता मशिनी आल्या, पण तवाची रीत सांगतो. शेत एकदा मोजायचं, कागदावर उतरवायचं. मग ज्येंच्यामधलं अंतर मोजलेलं न्हाई असे दोन कोपरे धरायचे आन् त्येंच्यामधी एकच दोरी टाकायची, आडवी. जिमिनीवर जेवढी भरली तेवढीच कागदावर भरली की समदं शेत बरोबर. न्हाई भरली तर मग परत मोजा. आरामात पाच मिनिटांचं काम.”

सुमेधा बापाकडे बघत होती. तिसरीतल्या त्या एका दिवसाचा नियम तिने दहा वर्षं पाळला होता. शाळेत, बारावीत, ॲडव्हान्स्डच्या सहा तासांत. तिने फक्त भांडणातलं शेत बघितलं होतं.

मी काही बोलणार तेवढ्यात तिने पेन्सिल उचलली. त्याच इलिप्सखाली तिने एक ओळ लिहिली. इलिप्सचा साधा गोल केला तर? लांबट गोलाची लांबी-रुंदी सारखी धरली की तो वर्तुळ होतो, आणि वर्तुळात त्या दोन टेकलेल्या रेघांमधलं अंतर म्हणजे सरळसरळ व्यास. तिने आपण काढलेल्या अंतरात ते घालून बघितलं. व्यास आला. अर्धं मिनिटही लागलं नाही.

“ही आडवी दोरी हाय का, पप्पा?”

“मला त्यातलं काय कळतंय? भरली का?”

“भरली.”

“मग झालं की.”

बावीस वर्षांत कितीतरी मोठ्या माणसांची भाषणं ऐकली, ट्रेनिंगं केली. पण त्या टेबलापाशी जे दोन मिनिटांत झालं तेवढं शिकवणं मी कुठे बघितलं नाही. मी उठून दोघांसाठी चहा सांगायला गेले, कारण तिथे बसून काय करावं ते मला सुचेना.

परत आले तेव्हा वाघमारे घड्याळ बघत होते. “मॅडम, आता काय करायचं? सीटचं संध्याकाळपर्यंत सांगायचं हाय.”

“माझं मत बदललंय,” मी म्हणाले. “पण माझं मत या चार दिवसांत तीनदा बदललंय, त्यामुळे त्याच्यावर जाऊ नका. तिला विचारा.”

सुमेधाने पॅड मिटून फाइलमध्ये ठेवलं. “सोडा सीट,” ती म्हणाली.

ते वर्ष सोपं गेलं नाही. दहा वर्षांची सवय अशी जात नसते. पावसाळाभर ती मध्येच दीड पान लिहायला लागायची आणि मी मागे उभी राहून म्हणायचे, “कुऱ्हाडी दिसतायत का कुठे?” मग ती हसून पान उलटायची. दिवाळीनंतर मात्र तिचा हात सुटला. प्रत्येक गणिताची आडवी दोरी वेगळी असते, ती शोधायची तिला गोडी लागली. कधी शून्य घालून बघ, कधी एक घाल, कधी आकृती उलटी कर. ती शोधायची आणि मी वहीत उतरवून घ्यायचे. आता त्या दोऱ्या मी वर्गात शिकवते. पोरांना वाटतं मॅडमचं डोकं.

परीक्षा झाल्यावर ती सरळ माझ्याकडे आली आणि दोन्ही पॅडं टेबलावर ठेवली. निकाल लागायचा होता. मी दात बघायला बसले. पानापानावर दोन-चार ओळींचं काम आणि समासात एक छोटी ओळ. आडवी दोरी. कोरा प्रश्न एखाददुसराच. आणि दुसऱ्या पॅडमध्ये एका ठिकाणी अचानक दोन पानं गच्च भरलेली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोनदा.

मी ते पान तिच्यासमोर धरलं. “हे का गं?”

“ते भांडणातलं होतं, मॅडम,” ती शांतपणे म्हणाली. “दोरी भरली न्हाई. मग परत मोजलं.”

परत मोजून आलेलं उत्तर बरोबर होतं. पहिलं चुकलेलं होतं.

तिचा रँक आला. डायरेक्टर सरांनी विचारलं, बॅनरवर पहिल्या ओळीत बसेल का. पहिल्या ओळीत नाही बसला, दुसऱ्या ओळीत बसला. तिला काही फरक पडला नाही. तिला गणिताचीच ब्रांच हवी होती, ती आयआयटीत मिळाली. वाघमाऱ्यांचा फोन आला तेव्हा मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. कुठल्या तरी बांधावर उभे होते. “भरली, मॅडम,” एवढंच म्हणाले.

या हंगामातही फोन येतायत. आता पॅड बघितल्याशिवाय मी कुणाला हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. आणि रिपीटरच्या फॉर्मवर पालकाचा व्यवसाय असा एक रकाना असतो. बावीस वर्षं तो माझ्या समोर होता आणि मी तो कधी वाचला नव्हता. हल्ली पहिला तोच वाचते.